हा खेळ बक्षीस कशाचं देतो?



या विषयावर बोलायला उभं राहिलं की आम्हाला एक प्रश्न हमखास येतो : "डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळून झालं, आता दुसरं काय खेळावं?" उत्तरादाखल याद्या मिळतात. दहा खेळ, वीस खेळ, प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर एक तलवार आणि एक ड्रॅगन. याद्या वाईट नसतात. पण यादी खेळाचं जग कसं दिसतं ते सांगते. टेबलाभोवती बसलेली माणसं तीन तास नेमकं काय करणार, ते सांगत नाही. म्हणून आज आम्ही यादी देणार नाही. एक कसोटी देणार आहोत आणि काही खेळ तिच्यावर घासून बघणार आहोत.

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. या खेळात एक जण गेम मास्टर असतो, तो प्रसंग सांगतो. बाकीचे एकेका पात्राच्या वतीने बोलतात, आणि निकाल काय लागेल ते ठाऊक नसलं की फासे टाकतात.

या प्रकारातला पहिला प्रकाशित खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या दोघांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. त्याचं मूळ छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळांत आहे. दिवाळीत किल्ला करून ज्यांनी मावळे मांडलेत त्यांना हे लगेच कळेल. फक्त इथे अख्खी पलटण नाही, एकच मावळा तुमचा. तो काय करतो ते तुम्ही सांगायचं.

आता एक बारीक गोष्ट बघा. सुरुवातीच्या डी अँड डीमध्ये अनुभवाचे गुण मुख्यतः सोनं बाहेर आणण्याचे मिळत. राक्षस मारण्याचे त्या मानाने कमी. परिणाम काय? शहाणा खेळाडू राक्षसाला चुकवून, फसवून, त्याच्याशी सौदा करून खजिना पळवायचा. लढाई म्हणजे बेत फसल्याची खूण. पुढच्या आवृत्त्यांत हा सोन्याचा नियम मागे पडला आणि गुण मुख्यतः शत्रूला हरवण्याचे मिळू लागले. तीच भुयारं, तेच राक्षस, पण खेळणारे वेगळे वागू लागले. आता लढाई हाच बेत झाला.

म्हणजे आमची कसोटी ही : खेळ बक्षीस कशाचं देतो, आणि पुस्तकाची पानं कशावर खर्च करतो? मुखपृष्ठ नंतर बघा.

ही कसोटी आम्हाला ठेच लागून मिळाली आहे. आम्ही सहा जण, दर रविवारी बसायचो. जानेवारी २०२३ मध्ये डी अँड डीच्या परवान्यावरून मोठा गदारोळ झाला. इतरांना त्या नियमांवर आधारित साहित्य काढू देणारा जुना खुला परवाना बदलण्याचा मसुदा फुटला, लोक चिडले. शेवटी प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्ट यांनी माघार घेतली आणि मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. त्या दिवसांत अनेक गट दुसरीकडे गेले, आम्हीही गेलो. गेलो ते पाथफाइंडरच्या २०१९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीकडे.

खेळ उत्तम आहे, हे आधी सांगतो. प्रत्येक पाळीला तीन कृती, त्या कशाही वापरा : चाला, मारा, ढाल उचला. डावपेचांची आवड असलेल्याला यात मेजवानी आहे. आम्ही दोन महिने नियम शिकलो. आणि त्यानंतर दोघांनी यायचं बंद केलं.

कारण विचारलं तेव्हा त्यांतली एक जण म्हणाली, "लढाईत माझी पाळी येईपर्यंत मी फोन बघत बसते. आणि माझ्या पात्राने कुणाला शब्द दिला काय नि मोडला काय, फरक कुणाला पडतो?" आमचं दुखणं हे होतं, आणि आम्ही आणखी बारकाईची लढाई आणून ठेवली. रोग रेड्याला, औषध पखालीला! परवान्यावर रागावणं हे डी अँड डी सोडायला पुरेसं कारण आहे. पण जायचं कुठे, ते राग सांगत नाही.

म्हणून आधी आपल्या टेबलाचं दुखणं ओळखायचं. तीन दुखणी आम्हाला वारंवार दिसतात.

पहिलं : लढाई लांबते आणि तिची भीती वाटत नाही. डी अँड डीमध्ये पात्राची पातळी चढते तसा त्याचा जीव फुगत जातो. १९७८ चा रूनक्वेस्ट बघा. तिथे पातळ्याच नाहीत. घाव हाताला लागला की पायाला, याचा हिशेब ठेवतात. मुरलेला योद्धाही एका नेमक्या वाराने पडू शकतो. आणि बक्षीस? जे कौशल्य तुम्ही यशस्वीपणे वापरलं तेच वाढण्याची संधी मिळते, आणि जितके तरबेज व्हाल तितकं पुढे वाढणं अवघड. वजाबाजू अशी की हिशेब भरपूर आहे. लढाई भीतीदायक होते, झटपट होतेच असं नाही. झटपट हवी असेल तर केर्न. त्यात वार लागला की नाही यासाठी फासेच टाकत नाहीत. वार लागतोच, फक्त इजा किती ते बघायचं. त्यामुळे तलवार उपसण्याआधी टेबलावर शांतता पसरते. पण नियम थोडे म्हणजे निवाडे जास्त. ज्या गटाचा गेम मास्टरवर विश्वास नाही, त्याने केर्नच्या वाटेला जाऊ नये.

दुसरं दुखणं : पात्राच्या मनाला किंमत नाही. आमचं हेच होतं. त्यावर ग्रेग स्टॅफर्ड यांचा १९८५ चा पेंड्रॅगन. जग ब्रिटनच्या राजा आर्थरचं, सगळे खेळाडू सरदार. प्रत्येकाच्या कागदावर गुण-अवगुणांच्या तेरा जोड्या : दया आणि क्रौर्य, शौर्य आणि भ्याडपणा. दोन्हींची बेरीज वीस, एक वाढला की दुसरा घटतो. वागाल तसे आकडे सरकतात. आणि आकडा फार चढला की तोच तुम्हाला ओढतो : दयाळू म्हणून गाजलेल्या सरदाराला शत्रूला मारायचं असलं तरी आधी आपल्याच दयेविरुद्ध फासे टाकावे लागतात. दरवर्षी हिवाळा येतो, वय वाढतं, मुलं होतात. सरदार मेला की वारस पुढे खेळतो. इथे शब्द मोडला तर तो कागदावर उमटतो. खोट सांगायची तर, "माझं पात्र काय करणार ते मीच ठरवणार" या हट्टाला हा खेळ जागोजागी धक्का देतो. काहींना तो मुळीच सोसत नाही, आणि त्यांचं चूक आहे असं आम्ही म्हणणार नाही.

तिसरं : गेम मास्टर थकलाय. शनिवारची रात्र तयारीत जाते. अशांसाठी २०१२ चा डंजन वर्ल्ड नेहमी सुचवला जातो. दोन फासे : दहा किंवा जास्त आले तर काम फत्ते, सात ते नऊ आले तर काम होतं पण काहीतरी मोजून, सहा किंवा कमी आले तर पंचाईत, मात्र अनुभवाचा एक गुण पदरात. गेम मास्टर राक्षसांसाठी फासे टाकत नाही, गोष्ट टेबलावरच घडत जाते. इथवर छान. पण कसोटी लावा. सत्राच्या शेवटी हा खेळ विचारतो : जगाबद्दल नवं काही कळलं का? मोठा शत्रू हरवला का? लक्षात राहील असा खजिना मिळाला का? तिनांतले दोन प्रश्न जुनेच आहेत. ज्यांना राक्षस आणि खजिन्याचाच कंटाळा आलाय, त्यांनी हे आधी वाचावं. २०१८ चा आयर्नस्वॉर्न जास्त धीट आहे. तिथे बक्षीस घेतलेली शपथ पुरी करण्याचं. गेम मास्टरशिवाय, एकट्यानेसुद्धा खेळता येतो, आणि त्याचं पीडीएफ फुकट आहे.

आता आपल्यापुरती एक गोष्ट. टेबलावर आपण मराठीत बोलतो, पुस्तकं मात्र इंग्रजीत. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचं २०१४ चं खेळाडूंचं पुस्तक ३२० पानांचं आहे. प्रत्यक्षात ते एकच जण वाचतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघतात. मग टेबलावर सत्ताही त्याचीच. केर्नचे मूळ नियम जेमतेम वीस-पंचवीस पानांत बसतात, आणि परवाना असा की श्रेय देऊन, त्याच अटींवर, कुणालाही मराठी भाषांतर करून वाटता येईल. आजी आणि नातू दोघांनाही नियम वाचता आले तर टेबलाभोवतीची माणसंच बदलतील. निवडीत आम्ही ही गोष्ट जगाच्या नकाशापेक्षा वर धरतो.

तर घरी गेल्यावर नवा खेळ विकत घ्यायच्या आधी एक करा. गटातल्या प्रत्येकाला विचारा, शेवटच्या सत्रात तू फोन कधी हातात घेतलास? त्या उत्तरावरून खेळ शोधा. मग तीन सत्रं द्या. एका सत्रात फक्त नियम अडखळतात, खेळ दिसत नाही.

आमच्याकडे पेंड्रॅगन सुरू झाल्यावर ती परत आली. दुसरा नाही आला. त्याचं दुखणं वेगळं होतं, आणि ते आम्ही वेळेवर विचारलं नव्हतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.