मदत मागण्याची किंमत

फ्रेडरिक एंगेल्सचे इंग्लंडमधील श्रमिकांवरचे १८४५चे पुस्तक मी मोलाचे मानतो. पण त्यातले आयरिश स्थलांतरितांवरचे प्रकरण मला तोकडे वाटते. मँचेस्टरच्या तळघरांतली ओल एंगेल्स नेमकी टिपतो. आयरिश माणसाकडे वळताच मात्र तो कार्लाइलचा आधार घेतो आणि दारिद्र्याची कारणे स्वभावातही शोधू लागतो. हा माणूस थोडक्यात भागवतो, घाणीतही राहतो, म्हणून इतरांची मजुरी उतरते, असा त्याचा सूर आहे.

हे ‘थोडक्यात भागवणे’ कायद्याच्या उजेडात मला वेगळे दिसते. गरिबांना मदत देण्याची जबाबदारी स्थानिक पॅरिशची होती. पण ज्याला तिथे रहिवासाचा कायदेशीर हक्क नाही, त्याने मदत घेतली की त्याला परत पाठवता येई. आणि आयर्लंडमध्ये जन्मलेल्या बहुतेकांना तो हक्क नव्हता. १८४६च्या कायद्याने एकाच पॅरिशमध्ये पाच वर्षे राहिलेल्यांना संरक्षण दिले. मात्र मदत घेतल्याचा काळ त्या पाच वर्षांत धरला जात नसे. दुष्काळाच्या १८४७ या एका वर्षात लिव्हरपूलमधून सुमारे १५,००० आयरिश लोकांना परत पाठवण्यात आले.

अशा वेळी उपाशी माणूसही अधिकाऱ्याच्या दारात जाण्याआधी दहादा विचार करणार. तळघर, फाटके कपडे, नुसत्या बटाट्यांचे जेवण यांत एंगेल्सला स्वभाव दिसला. मला भीतीही दिसते. हा कायदा शेजारी ठेवल्याशिवाय त्या प्रकरणाचे मोल ठरवू नये.