शहर कोण जिवंत करते?

मुंबईच्या सांस्कृतिक व्यवहारात एक वाक्य अलीकडे फार रूढ झाले आहे. कला शहराला जिवंत करते, असे म्हणतात. उत्सवांच्या पत्रकांत ते असते, भिंतींवरच्या चित्रांच्या प्रकल्पांत असते, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या दालनांच्या उद्घाटनांत तर हमखास असते. ऐकायला ते निरुपद्रवी आहे. मला मात्र त्यातले क्रियापद खटकते. एखादी जागा जिवंत करायची म्हणजे आधी ती मेलेली आहे असे कोणीतरी ठरवलेले असले पाहिजे. हे ठरवणारा कोण? आणि त्याने ज्या जागेला मृत म्हटले, तिथे त्या वेळी राबत असलेल्या माणसांचे काय?

हा प्रश्न मला ग्रंथालयात सुचलेला नाही. मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तिथल्या पंधरा-वीस विद्यार्थ्यांना घेऊन एका फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवाला गेलो होतो. हा महोत्सव 1999 पासून भरतो. तिथे तिकीट लागत नाही, ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. रस्ता मोकळा, नाटक मोकळे, चित्रे मोकळी. तरीही माझे विद्यार्थी रस्त्याच्या कडेकडेने चालत होते. प्रथम वर्षाचा एक मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, इथे आपण फोटो काढले तर चालतात ना?" सगळे लोक काढतच होते. त्याला दिसत होते. तरी त्याने विचारले, आणि मी त्याला हसलो नाही, कारण अठराव्या वर्षी जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांवरून मी स्वतः परत फिरलो होतो. आत जायला पैसे पडत नाहीत हे मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी मी गेलो असतो की नाही, सांगता येत नाही. दाराशी अडवणारा रखवालदार आमच्या आतच बसवलेला असतो.

ज्या घोड्यावरून या भागाला नाव पडले, त्याची कथा बोलकी आहे. ब्राँझचा तो पुतळा सातव्या एडवर्डचा. आल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला. 1965 मध्ये तो तिथून उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. पुढे 2017 मध्ये त्या चौकाच्या परिसरात नवा काळा घोडा बसवला गेला, स्वाराविना. साम्राज्याचा स्वार उतरवला हे चांगलेच झाले. पण तबेल्यात घोड्याला दाणापाणी करणाराचा पुतळा या शहराने अजून केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. याच चौकातून दहा-पंधरा मिनिटे चालले की बुद्धभवन आणि आनंदभवन लागतात. 1946 साली सुरू झालेले सिद्धार्थ महाविद्यालय. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या किती पिढ्या या जिन्यांवरून चढल्या! फोर्टमधल्या दगडी कमानींखालून आपला माणूस हमाल म्हणून न जाता विद्यार्थी म्हणून गेला, हे या भागाच्या सांस्कृतिक इतिहासातले सर्वांत मोठे पाऊल आहे असे माझे मत आहे. 2018 मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. 94 इमारती. कमानी मोजल्या गेल्या, सज्जे मोजले गेले. त्या कमानींखालून कोण कोणत्या वर्षी प्रथम आत आले, याची मोजदाद वास्तुशास्त्राच्या कक्षेत येत नाही.

ज्या ससूनने घोडा दिला त्यानेच 1875 मध्ये कुलाब्याची गोदी बांधली. कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातून आलेला तो पैसा. या ससून गोदीत 2017 च्या अखेरीस एक मोठा कलाप्रकल्प झाला होता. जुन्या इमारतीत मांडणीशिल्पे होती, आणि बाहेरच्या भिंतीवर गोदीतल्या माणसांची भलीमोठी छायाचित्रे डकवली होती. माझी एक विद्यार्थिनी तिथे दोनदा जाऊन आली. तिची आई गोदीत कोळंबी सोलते. पहाटे अंधारात जायचे, टोपली पुढ्यात घेऊन बसायचे, बोटांना चिरा पडेपर्यंत सोलायचे. मुलगी भिंतीवर आईचा चेहरा शोधत होती. तो नव्हता. पण आईच्या ओळखीच्या एका मावशीचा चेहरा दिसला म्हणून ती हरखून मला सांगत आली. तिच्या त्या आनंदावर मी माझे विवेचन लादणार नाही. माणूस मोठ्या आकारात दिसणे ही साधी गोष्ट नाही. आपल्या माणसांचे चेहरे या शहराने आजवर पोलीस ठाण्यात लावले किंवा मतपत्रिकेच्या वेळी आठवले. तेव्हा तो प्रकल्प करणारांना मी शत्रू मानत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. प्रकल्प दोनेक महिन्यांत संपला. गोदी त्याच्या आधीही पहाटे लिलावाच्या आरोळ्यांनी जागी होत होती, नंतरही होते. मग जिवंत कोणी कोणाला केले? मला वाटते, गोदीनेच त्या कलेला काही दिवस जीव दिला.

गिरणगावाचे उदाहरण याहून कठोर आहे. 1944 च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरण्यांच्या दारात आणि चाळींच्या चौकात जे उभे केले, ती या शहराची रंगभूमी होती. तिला ना पडदा, ना वातानुकूलित सभागृह. बाबूराव बागुलांची कथा, नारायण सुर्वे आणि नामदेव ढसाळ यांची कविता याच शहराच्या पोटातून आली. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि घरांसाठी मिळायचा होता. 2001 मध्ये नियम बदलून ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती ठेवली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम केला. आता तिथे दालने आहेत, चिमणीभोवती रोषणाई आहे, आणि भिंतीची जुनी वीट मुद्दाम उघडी ठेवलेली आहे. माझे वडील बदली कामगार होते. उघड्या विटेचे सौंदर्य त्यांना समजावून सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

वडिलांचे थोरले भाऊ, आमचे नाना, नायगावच्या बीडीडी चाळीत राहतात. 160 चौरस फुटांची खोली. नाना पेंटर. तरुणपणी दादरच्या एका सिनेमा बॅनरच्या कारखान्यात रंग कालवायला लागले. तिथे चेहरा रंगवायचा तो मुख्य कारागिराने. पोरांनी पार्श्वभूमी भरायची. नाना अक्षरांकडे वळले ते त्यामुळे. पुढे दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे क्रमांक, लग्नाचे फलक हे पोटासाठी. आणि दर 14 एप्रिलला जयंतीचे बॅनर, ते पैशाविना. मांजरपाटाचे कापड दोन खांबांना ताणून बांधायचे, खळ द्यायची, खडूच्या भुकटीत बुडवलेली सुतळी दोघांनी दोन टोकांना धरून टपकन सोडायची की सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर शिरोरेघा. निळा रंग ते बाजारातला जसाच्या तसा कधी वापरत नसत; त्यात किंचित काळा आणि किंचित पांढरा मिसळून तयार करत, आणि प्रमाण विचारले तर सांगत नसत. बाबासाहेबांचे चित्र चौकटी आखून मोठे करायचे. "सूट सोपा असतो," ते म्हणत, "चष्मा अवघड. काचेत डोळे बुडले तर माणूस म्हातारा दिसतो, अन् काच नाही दाखवली तर बाबासाहेब वाटत नाहीत." पोर्ट्रेटविषयी इतके नेमके वाक्य मला नंतर कोणत्याही समीक्षेच्या पुस्तकात सापडले नाही.

1974 च्या जानेवारीत याच चाळी दंगलीत पेटल्या होत्या. त्या वस्तीत आपल्या भिंतीवर आपले अक्षर काढणे हा शोभेचा प्रकार नव्हता. ही जागा आमची आहे, आम्ही इथे आहोत, असे ते अक्षर सांगत होते. दूरवरून दिसले पाहिजे, धावत्या बसमधून वाचता आले पाहिजे, उन्हापावसात टिकले पाहिजे, आणि नुकतीच अक्षर ओळखायला लागलेली बाई अडखळता कामा नये: अशा चार अटी पाळून नानांनी आपले वळण घडवले. आराखडा, प्रयोजन, वाचक यांचा हा विचार ज्याला शिकवतात त्याला आज डिझाइन म्हणतात आणि त्याची फी लाखांत असते.

मग फ्लेक्स आला. या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत ब्रशाचे काम जवळजवळ संपले. पूर्वी बॅनरवर बाबासाहेब एकटे असत. आता त्यांच्याभोवती पंधरा शुभेच्छुकांचे चेहरे असतात आणि बाबासाहेब कोपऱ्यात. हे आपल्याच लोकांनी केले. डीजेच्या भिंतीने जलशाचा आणि भीमगीतांचा आवाज गिळला, तेही आपल्याच वर्गणीतून. प्रस्थापितांवर बोट ठेवताना ही तीन बोटे लपवता येत नाहीत.

आणि समीक्षेचे काय? शरद पाटलांचे 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' 1988 चे, शरणकुमार लिंबाळ्यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' 1996 चे. दोन्हींनी माझ्यासारख्याला उभे राहायला जमीन दिली. पण दोन्ही साहित्याविषयी आहेत, हे त्यांच्या नावातच आहे. छापलेल्या पुस्तकाबाहेर जे होते, बॅनर, कमान, मिरवणुकीचा रथ, विहाराच्या भिंतीवरचे चित्र, त्याला आपण 'प्रचार' किंवा 'कार्यकर्त्यांचे काम' म्हणून बाजूला ठेवले. म्हणजे उच्च कला आणि कारागिरी यांच्यातली जी वर्णव्यवस्था आपण मोडायला निघालो, तीच आपल्या मासिकांच्या अनुक्रमणिकेत आपण पाळली. आपण पाहिले नाही ते इतरांनी पाहिले. हनीफ कुरेशी यांनी देशातल्या रस्त्यांवरच्या पेंटरांची अक्षरे गोळा करून त्यांचे संगणकीय टंक तयार करवले, आणि टंकांना त्या पेंटरांचीच नावे दिली. 2024 मध्ये ते गेले. असे काम एखाद्या आंबेडकरी संस्थेने जयंतीच्या अक्षरांसाठी हाती घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

शहराची सर्वांत मोठी पुस्तक-जत्रा कोणती, असे मी दरवर्षी वर्गात विचारतो. उत्तर लवकर येत नाही. 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर जे भरते ते मुलांनी पाहिलेले असते, पण ते 'सांस्कृतिक' आहे असे त्यांना कोणी सांगितलेले नसते. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली बाई भाकरीच्या फडक्याशेजारी पुस्तक बांधून नेते. गायकांची पथके सतरंजीवर बसून रात्रभर गातात. दिनदर्शिका, मूर्ती, पुस्तिका, सगळे शोक आणि वाचन यांनी एकत्र आणलेले. महापालिका मंडप घालते, पाणी देते, हे खरे. पण शहर बोलते ते गर्दीविषयी आणि वाहतुकीविषयी. फेब्रुवारीतली गर्दी 'चैतन्य' आणि डिसेंबरमधली गर्दी 'अडचण', हा फरक कलेच्या निकषांनी पडलेला नाही.

आपल्या वास्तूंबाबतही तेच. जून 2016 मध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना पाडला गेला. त्या वादात आपल्यातलीही माणसे होती. दोन वर्षांनी शहराला वारशाचा दर्जा मिळाल्याचा आनंद झाला. या दोन घटना एकत्र ठेवून कोणी लेख लिहिल्याचे मला आठवत नाही. विलास घोगरेंची आठवण मात्र याच ओघात येते. आनंद पटवर्धनांच्या 1985 च्या 'हमारा शहर' या बोलपटात झोपडीतल्या माणसाच्या बाजूने शहराविषयी गाणारा तो शाहीर. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली, आणि चारच दिवसांनी त्याने स्वतःला संपवले. शहर जिवंत करणाऱ्या कलेविषयी बोलताना ज्यांना हे नाव घ्यावेसे वाटत नाही, त्यांच्याशी माझे भांडण आहे.

बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. मोठी घरे मिळणार, ती मिळालीच पाहिजेत. 160 चौरस फुटांचा वारसा जपा असे म्हणणारा चाळीत राहिलेला नसतो. पण नानांच्या इमारतीच्या जिन्याच्या भिंतीवर 1991 च्या जयंतीला त्यांनी रंगवलेली 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' ही ओळ अजून आहे, आणि ती इमारतीबरोबर जाईल. खाली सही नाही. मागे विचारले होते तेव्हा म्हणाले, "बाबासाहेबांच्या कामाखाली आपलं नाव कशाला?" यावर समीक्षकाकडे तयार उत्तर नाही. मी नाव लिहा म्हणतो, आणि ज्याचे नाव तो नको म्हणतो.

गेल्या महिन्यात मी त्या भिंतीची छायाचित्रे घ्यायला गेलो. नाना काठी टेकत जिन्यापर्यंत आले. मी म्हटले, अक्षरे अजून किती ताजी आहेत. त्यांनी डोळे बारीक करून पाहिले आणि 'संघर्ष'वर काठी टेकवली. "तो रफार घाईत पडलाय रे. त्या रात्री लाईट गेली होती, गॅसबत्तीवर मारलाय." थोडे थांबून म्हणाले, "पुढच्या रविवारी येशील तेव्हा अर्ध्या इंचाचा ब्रश घेऊन ये." इमारत रिकामी करण्याची नोटीस तेव्हा त्यांच्याच खोलीत खिळ्याला टांगलेली होती. ब्रश मी घेतला आहे.