रौहिणेय आणि जन्मनोंद

समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय!’ (2011) या चित्रपटाचे कौतुक पुष्कळ झाले. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास लाभला. परदेशी मेरीसाठी मूल उदरात वाढविणारी, आणि मेरीने पाठ फिरविल्यावर ते मूल पोसणारी विदर्भातील स्त्री, हा त्याचा विषय. या स्त्रीचे नाव यशोदा व मुलाचे माधव. प्रेक्षक त्या नावांनीच सद्गदित होतो; आमची तक्रार नेमकी तेथे आहे.

भागवतातील यशोदेने कृष्णाला वाढविले, प्रसविले नाही. जिने नऊ मास भार वाहिला तिला यशोदा म्हणताच देवकीचे आसन आपोआप मेरीकडे जाते, आणि प्रसूती हा जणू संगोपनाचाच एक भाग ठरतो. ज्या प्रश्नावर कथा उभी, तो पात्राच्या नावानेच निकालात निघतो. वस्तुतः जवळचा दाखला त्याच दशमस्कंधात होता. योगमायेने देवकीचा सातवा गर्भ रोहिणीच्या उदरात नेला. त्या बलरामाला परंपरेने ‘रौहिणेय’ म्हटले आणि गर्भ ओढून नेला म्हणून ‘संकर्षण’ही म्हटले. एका नावात वाहणारी माता राहिली, दुसऱ्यात त्या स्थलांतराची आठवण.

नगरपालिकेच्या जन्मनोंदवहीपाशी एवढे औदार्य नसते. तेथे आईच्या नावाचा रकाना एकच. सुरतेलगतच्या कोसाडवरून उत्तरेस जाणाऱ्या लोहमार्गावर आणंद लागते. तेथे 2008 मध्ये एका जर्मन दांपत्यासाठी जन्मलेल्या जुळ्यांचा वाद याच रकान्यावरून गुजरात उच्च न्यायालयात गेला. स्त्रीबीज देणारी अज्ञात, पत्नीचा रक्तसंबंध नाही. तेव्हा 2009 मध्ये न्यायालयाने उदरात वाहणारीलाच आई मानले व मुलांना भारतीय नागरिक ठरविले. हा निवाडा पुराणाच्या ‘रौहिणेय’ या नामकरणाशी किती जुळतो!

2021 च्या सरोगसी कायद्याने मात्र पारडे फिरविले. व्यापारी व्यवहार बंद झाला, हे योग्यच. पण मूल आता इच्छुक दांपत्याचेच जैविक अपत्य मानले जाते. पालकत्वाविषयीचा दंडाधिकाऱ्याचा आदेश आधीच घ्यावा लागतो आणि जन्मानंतर तोच जन्माचे प्रतिज्ञापत्र ठरतो. रोहिणीला रकान्यात जागा उरली नाही. मुलाच्या दृष्टीने ही निश्चिती मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु कागदाने जे गाळले ते जपण्याचे काम मग कथेकडे येते.

पोरे स्वतः वकील आहेत. रकान्याचे सामर्थ्य त्यांना ठाऊक असणारच. त्यांनी नायिकेला रोहिणी म्हटले असते, तर डोळे पुसण्यापूर्वी प्रेक्षकाला क्षणभर थांबून विचारावे लागले असते, की हा माधव कुणाचा.