‘जेव्हा माणूस जागा होतो’ : नेत्यावरील विश्वासाचा प्रश्न

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखाच्या पश्चिमेला पसरलेल्या डहाणू-उंबरगाव पट्ट्यातील वारल्यांच्या लढ्याचे निवेदन म्हणून गोदावरी परुळेकर यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हा ग्रंथ सर्वपरिचित आहे. साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त या ग्रंथाची चर्चा बहुधा वेठबिगारी व लग्नगडी यांच्या हृदयद्रावक तपशिलापाशी थांबते. वारल्यांनी नेत्यावर टाकलेला विश्वास हा त्यातील अधिक बिकट विषय होय.

मे १९४५ मध्ये झरीच्या परिषदेत वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. पुढे गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न पेटला असतानाच बाईंच्या जिवाला धोका आहे, त्यांच्या रक्षणासाठी तलवाड्याला जमावे, अशी आवई जमीनदारांच्या बाजूने उठविण्यात आली. जमाव दंगलीसाठी येत असल्याचे सरकारलाही कळविण्यात आले. हजारो वारली जमले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी सुरू झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले, तरी जमाव हटेना. बाईंना संकटात सोडून परतायचे कसे, हाच त्यांच्यापुढील प्रश्न होता. ज्या विश्वासाने ही माणसे निर्भय झाली, त्याच विश्वासाचे आमिष दाखवून त्यांना बंदुकीसमोर आणता आले.

बाई मात्र तेथे नव्हत्याच. प्रथमपुरुषी निवेदनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. लढ्यातील सर्वांत मोठ्या संकटाच्या वेळी निवेदिका अनुपस्थित आहे आणि तिच्या नावावर इतरांनी प्राण दिले आहेत. या प्रसंगाच्या कथनात वारल्यांच्या निष्ठेचा गौरव भरभरून येतो; त्या निष्ठेने नेत्यावर टाकलेल्या ओझ्याची चिकित्सा त्यामानाने त्रोटक वाटते. वारली बाईंना ‘गोदाराणी’ म्हणत. सावकार आणि संस्थानिक यांच्या छायेत वाढलेल्या समाजाने आपल्या मुक्तिदात्रीलाही राणीच करावे, यात प्रेम आहे, तशीच जुन्या सत्तेची सवयही आहे. ग्रंथाचे शीर्षक ज्या जागृतीची ग्वाही देते, ती तलवाड्यापर्यंत पुरती झालेली दिसत नाही.

तिचा पुरावा १९४६ मध्ये मिळतो. जंगलकामाचा संप महिनाभराहून अधिक टिकला. पुढाऱ्यांवर हद्दपारीचे हुकूम निघाले, तरी पाड्यापाड्यांतील वारली कार्यकर्त्यांनी संघटना मोडू दिली नाही. तलवाड्याला बाईंसाठी जमलेली माणसे आता बाईंवाचून एकमेकांच्या शब्दावर उभी होती.