'ख्रिस्तपुराण' आणि शेजारधर्म

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची स्तुति करतांना आमचे टीकाकार बहुधा त्यांतील मराठीच्या गौरवापाशींच थांबतात. परकीयानें आपली भाषा वाखाणली, एवढ्यांतच त्यांस धन्यता वाटते. परंतु या ग्रंथाचें मोल ठरवावयाचें, तर ज्यांच्यासाठीं तो रचिला गेला त्या साष्टींतील श्रोत्यांकडे पाहिलें पाहिजे.

हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला. त्याचें पुराण १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. नवख्रिस्त्यांचीं जुनीं पुराणें पोर्तुगीज सत्तेनें हिरावून घेतलीं होतीं. कानांस ओवीची संवय होती. ती ओवी त्यानें त्यांस परत दिली. शाळा व दवाखाने ही चर्चची सेवा खरीच. पण शेजाऱ्याच्या भाषेंत, त्याच्याच छंदांत त्याच्याशीं बोलणें ही त्याहून अवघड सेवा होय, असें आम्हांस वाटतें.

तथापि हें औदार्य निर्भेळ नव्हतें. त्याच सत्तेनें पुढें १६८४ सालीं स्थानिक भाषा तीन वर्षांत टाकून देण्याचें फर्मान काढलें. एका हातानें ओवी द्यावयाची आणि दुसऱ्यानें जीभच मागावयाची, हा विरोध दृष्टीआड करणारी स्तुति अपुरी आहे.

सुमारें तीन शतकांनीं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनींही ख्रिस्ती उपासनेंत अभंग व कीर्तन आणलें. परंतु तत्पूर्वीं त्यांच्या श्रोत्यांचे ग्रंथ कोणीं हिरावले नव्हते. ओवी स्टीफन्सची थोर. शेजार मात्र टिळकांचा अधिक मोकळा.