‘चालेल’ला इंग्रजीत काय म्हणाल?

वसईतल्या एका स्पोकन इंग्लिशच्या वर्गातल्या नोट्स माझ्या हाती आल्या. त्यातल्या ‘आपली पसंती सांगणे’ या पाठाबद्दल आज बोलतो. ‘आय प्रिफर टी टू कॉफी’ यात ‘दॅन’ नको, ‘टू’ हवं, हे त्यांनी ठळक छापलंय. ‘आय वुड रादर वॉक’ यात ‘वॉक’च्या आधी ‘टू’ लावू नका, हेही बरोबर सांगितलंय. माझं भांडण शेजारी दिलेल्या मराठीशी आहे. दोन्हींचा अर्थ एकच: ‘मी अधिक पसंत करतो’. असं मराठी कोण बोलतं हो?

आपल्याला चहा ‘आवडतो’. आवड आपल्याकडे चालून येते. इंग्रजीत ‘आय’ कर्ता होऊन निवडतो. आणि ‘वुड रादर’मध्ये आवड असेलच असं नाही. खचाखच भरलेली विरार लोकल सोडून देत कोणी ‘आय वुड रादर वेट’ म्हणाला, तर त्याला फलाट आवडतो असं थोडंच आहे? त्यापेक्षा थांबलेलं परवडलं, इतकंच. दगडापेक्षा वीट मऊ. याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हरवल्यावर त्याला इंग्रज परवडले. (किती परवडले ते १८१८ मध्ये कळलं. असो.)

खरी अडचण ‘चालेल’ची. मुलाखतीत विचारतात, सकाळची पाळी की रात्रीची? आपली मुलगी अदबीने सांगते, ‘एनीथिंग विल डू, सर.’ घरी आईला तिच्या ‘चालेल’च्या सुरावरून कळतं की हे नको आहे. साहेबाला एवढंच कळतं की हिला दोन्ही सारखंच. रात्रपाळी गळ्यात पडते, आणि शेवटच्या लोकलचं वेळापत्रक पाठ करायची वेळ येते. नोट्समध्ये याबद्दल एक ओळ नाही. चहा-कॉफीची मात्र बारा वाक्यं आहेत!

हर्मन मेलव्हिलची १८५३ सालची ‘बार्टल्बी’ नावाची कथा आहे. तिच्यातला कारकून आवाज न चढवता, ‘प्रिफर’ हेच क्रियापद वापरून एकेक काम नाकारत जातो आणि त्याचा वकील मालक हतबल होतो. इतकं टोक गाठायला मी कुणाला सांगणार नाही. पण वर्ग माझा असता, तर पहिल्या दिवशी फळ्यावर ‘आय वुड रादर नॉट’ लिहिलं असतं आणि प्रत्येकीकडून ते मोठ्याने म्हणवून घेतलं असतं. चहा-कॉफी दुसऱ्या दिवशी.