'देशाँ' : आडनाव आणि कवीचा 'मी'

फ्रेंच चरित्रकोशांत 'देशाँ' या आडनावाखाली चौदाव्या शतकातील एक राजसेवक कवी, रोमँटिक काळातील दोन कविबंधू आणि एक फुटबॉलपटू अशी मंडळी शेजारी-शेजारी येतात. 'शेतांचा' एवढाच या नावाचा अर्थ. शेतालगत राहणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला ते लागू पडावे. त्यावरून रक्ताचा वा प्रतिभेचा वारसा शोधणे व्यर्थ होय. परंतु म्हणून आडनाव सर्वथा साहित्यबाह्य ठरते, हा निष्कर्षही युस्ताश देशाँच्या बाबतीत टिकत नाही.

युस्ताश हा शांपान्य प्रांतातील व्हेर्त्यूचा. त्याला मोरेल या नावानेही ओळखत. 'देशाँ' हे नाव त्याच्या तेथील घराशी निगडित होते. १३८० मध्ये इंग्रज सैन्याने ते घर जाळले, तेव्हा आपले नाव आता 'जळका देशाँ' झाले, असे त्याने पद्यातच जाहीर केले. ही निव्वळ शाब्दिक कोटी नव्हे. गियोम द माशो या त्याच्या गुरूच्या प्रेमकवितेतील 'मी' हा बहुधा दरबारी संकेतातला प्रियकर. शिष्याच्या 'मी'ला घर आहे, टक्कल आहे, प्रवासातल्या पिसवांचा जाच आहे. १३९२ च्या आपल्या काव्यशास्त्रात त्याने पद्याला 'नैसर्गिक संगीत' म्हटले आणि गायन-वादनाला 'कृत्रिम'. हा ग्रंथ केवळ छंदांची जंत्री मानणे अन्यायाचे आहे: सुरावटीचा आधार सुटला की शब्द कोण बोलतो हा प्रश्न पुढे येतो, आणि तेथेच नावाला काम मिळते.

एमील देशाँची १८२८ ची प्रस्तावना रोमँटिक चळवळीच्या इतिहासात महत्त्वाची. धाकट्या आंतोनीने दान्ते फ्रेंचमध्ये आणला. दोघांच्याही बाबतीत आडनाव केवळ मुखपृष्ठापुरते. १९९८ मध्ये कर्णधार आणि २०१८ मध्ये प्रशिक्षक म्हणून विश्वचषक जिंकणाऱ्या दिदिए देशाँला १९९६ मध्ये एरिक काँतोनाने 'पाणक्या' म्हणून हिणवले होते. तेही नाव चिकटले, पण ते दुसऱ्याने दिलेले.

युस्ताशच्या स्वनामोल्लेखाची सर्वांत सूक्ष्म जागा मात्र चॉसरला उद्देशून रचलेल्या बालादमध्ये आहे. तेथे तो आडनाव टाकून नुसता 'युस्ताश' उरतो, आपल्या रचनांना शाळकरी पोराचे काम म्हणतो आणि त्या इंग्रज कवीच्या बागेत आपण खाज आणणारे रानटी रोपच ठरू, अशी कबुली देतो. जळलेल्या घराचा उल्लेख या बालादमध्ये कोठेही नाही.